केस झडतील, रंग जाणार नाही

प्रोव्हँ गावाच्या खालच्या पेठेत, नदीकाठी राहणाऱ्या पेरोनेलचे हात कोपरापर्यंत लाल होते. ते तसे का, असं विचारणारा माणूस हमखास परगावचा असे. एकदा नव्यानेच गावात आलेल्या एका पाववालीने तिला पहाटे नदीवर पाहिलं आणि खून झाला, खून झाला म्हणून पेठभर बोंब ठोकली. लोक काठ्या घेऊन धावले. पेरोनेल तेव्हा इतकी हसली की ती नदीत पडू नये म्हणून दोघींना तिला धरावं लागलं.

हसण्याच्या बाबतीत तिला ताळतंत्र नव्हतंच. नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी ती खरोखर ऊर फुटेस्तोवर रडत होती. एवढ्यात खड्डा खणणाऱ्याचा पाय घसरला आणि नवऱ्याच्या आधी तोच आत जाऊन बसला. झालं. रडता रडता तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. पाद्रीबाबांनी डोळे वटारले, तर त्यांच्याही ओठाचा एक कोपरा हलला, आणि ती गोष्ट त्यांनी तिला पुढे कधी माफ केली नाही.

तिचा धंदा होता गळ्यांचा. तिचा नवरा फरचे झगे शिवायचा. उत्तरेकडच्या जंगलातून मार्टन नावाच्या, मुंगसाएवढ्या प्राण्याची कातडी यायची. पाठीची फर झग्याला लागायची, पण गळ्याशी एक फिकट पिवळट डाग असे, तेवढा भाग नवरा कापून फेकून द्यायचा. गळे कोपऱ्यात साचायचे आणि मांजरं त्यांत पिलं घालायची. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पेरोनेलने मांजरांना हुसकलं, गळे तुरटीच्या पाण्यात मऊ केले, फळीवर ताणले आणि वरून कुंचल्याने लाल रंग चढवला. कातडीला गरम पाणी लागलं की ती आक्रसते, म्हणून नुसत्या केसांना, कोमट रंगाने, थर वाळला की पुन्हा थर. आधी मंजिष्ठेचे आठ थर आणि शेवटी दक्षिणेकडून येणाऱ्या वाळक्या किड्यांचा किरमिजी हात. मग चार-पाच गळे जोडून एक पट्टा. मानेभोवती गुंडाळला की गरीब दिसणारा माणूससुद्धा कुणीतरी वाटू लागे. या पट्ट्यांना बाजारात सगळे ‘गूल’ म्हणत. गूल म्हणजे गळे, दुसरं काही नाही.

पाद्रीबाबांनी एका रविवारी या गूलवरच तोफ डागली. मेलेल्या उंदरांची कातडी रंगवून गळ्यात मिरवणाऱ्यांनो, सैतानाचा जबडा असाच लाल असतो, असं ते गरजले. सोमवारी सकाळी पेरोनेलच्या दारात रांग लागली. उंदीर म्हटल्याचा तिला राग आला होता, पण रांग बघून तिने पाद्रीबाबांकडे एक मडकंभर मध पाठवला.

तिच्या रंगाची एकच ख्याती होती, तो जात नसे. पाऊस, घाम, सांडलेली दारू, काही लागो. गिऱ्हाईकाने शंका काढली की ती म्हणे, “केस झडतील, रंग जाणार नाही.” हे वाक्य गावात इतकं रुळलं होतं की लोक लग्नातही नवरानवरीला तेच म्हणत. पलीकडच्या काठावर जिलेत नावाची रंगारीण होती. तिचा लाल रंग दोन पावसांत गाजराच्या रसावर येई. पेरोनेलचा एक तरी पट्टा कधीतरी फिका पडू दे, म्हणून जिलेत दर शुक्रवारी देवापुढे मेणबत्ती लावते, असं लोक सांगत. तेवीस वर्षांत देवाने जिलेतचं ऐकलं नव्हतं.

तर अशा या घरात, नवरा जाऊन सहा वर्षं झाल्यावर, एका हिवाळ्यात आंसो आला.

आंसो हा ललकारी देणारा. शिलेदारांच्या झुंजी जिथे भरतील तिथे पायी जायचं, मैदानात कोण उतरला ते त्याच्या ढालीवरून ओळखायचं आणि ढालीचं वर्णन व त्याचं नाव खणखणीत आवाजात सांगायचं. निळ्यावर तीन सोनेरी चकत्या, अमुक गावचा अमुक. शिलेदार खूश झाला तर जुना झगा देई, नाहीतर नुसतंच जेवण, तेही नोकरांच्या पंगतीला. वय पंचेचाळिशीचं, डोक्याचा चकोट आपोआप झालेला, अंगावर मांस नावाला नाही, आणि आवाज मात्र असा की तो शिंकला तर वरच्या पेठेतली कबुतरं उडत. हिवाळ्यात झुंजी नसतात. म्हणून कुठेतरी एखादा कोपरा भाड्याने घ्यावा म्हणून तो दारोदार फिरत पेरोनेलकडे आला.

दार सासूबाईंनी उघडलं. बेलिसाँ हे त्यांचं नाव. त्यांना गेली दहा वर्षं काही ऐकू येत नव्हतं, आणि त्यामुळे जग आपल्याविरुद्ध कुजबुजतं आहे, अशी त्यांची पक्की खात्री होती. आंसोने विचारलं, “जागा मिळेल का?” म्हातारीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तिने त्याला आणखी काहीतरी बोलायला सांगितलं. तो म्हणाला, थंडी फार आहे. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याचा हात धरून त्याला चुलीशी नेऊन बसवलं, वाटाण्याचं सूप वाढलं आणि आत वळून सुनेला ओरडून सांगितलं, “हा माणूस ठेव. हा बोलतो.”

त्या हिवाळ्यात त्या घरातून जेवढा आवाज झाला तेवढा जत्रेतही होत नसे. आंसो म्हातारीला गावच्या बातम्या सांगे, त्या अर्ध्या पेठेला घरबसल्या कळत. पेरोनेल हसून हसून कुंचला टाकून देई. तो रुसायचा नाटकीपणाने, ती त्याला ‘अहो ललकारे’ म्हणून चिडवायची, आणि ईस्टरआधीचे लेंटचे उपास संपेपर्यंत नुसत्या खारवलेल्या माशांवर राहूनसुद्धा दोघांचेही गाल वर आले होते. काय चाललंय हे आंधळ्यालाही दिसत होतं. म्हातारीने तर सरळच विचारलं, लग्न कधी. पेरोनेलने तोंडावर सांगितलं की एका नवऱ्यासाठी तो मेल्यावर रडले, दुसऱ्यासाठी तो जिवंत असताना दहा-दहा महिने वाट बघत रडायची नाही. वणवण करणाऱ्याशी लग्न नाही. आंसो त्या दिवशी कुजबुजत बोलला, म्हणजे फक्त आमच्या गल्लीला ऐकू गेलं.

ईस्टरनंतर संधी चालून आली. तूरव्हेलच्या जहागीरदारांचं वरच्या पेठेत मोठं घर होतं. त्यांना आपल्या पदरी एक कायमचा ललकारी देणारा हवा होता: दोन वेळचं जेवण, वर्षाला एक नवा झगा, आणि दरवाज्याशेजारची खोली. मे महिन्याच्या जत्रेत त्यांनी झुंजी ठेवल्या होत्या, ऐंशी शिलेदार येणार होते, आणि ललकारीचा पहिला मान आंसोला दिला होता. नीट पार पडलं तर जागा त्याची. पेरोनेलने ऐकलं आणि म्हणाली, जागा मिळाली तर सप्टेंबरात लग्न. आणि नाचत सुटली, तीही लाल कुंचला हातात घेऊन. त्या भिंतीवरचे शिंतोडे अजून आहेत.

नाचला नाही तो आंसो. तो नुसता बसून राहिला.

कारण कळलं ते चार दिवसांनी. एका लोंबार्डी व्यापाऱ्याने सहा पट्टे हिरवे मागितले होते. हिरवा गूल म्हणजे तिच्या लेखी उपासाला मटण, पण केले होते तिने, पिवळ्यावर निळा चढवून. अंगणात दोरीवर लाल आणि हिरवे शेजारी शेजारी वाळत होते. आभाळ भरून आलं तशी ती आतून ओरडली, लाल तेवढे आधी आणा. आंसो गेला आणि तीन लाल व तीन हिरवे घेऊन आला. तिला वाटलं थट्टा आहे. ती हसली, आणखी हसली, पोट धरून हसली, आणि मग तिला दिसलं की तो हसत नाही. ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच ती मध्येच हसायची थांबली असेल.

त्याने मग सगळं सांगितलं. लाल आणि हिरवं त्याला वेगळं दिसतच नव्हतं, जन्मापासून. दोन्ही एकाच चिखलाचे. आजवर त्याने निभावून नेलं ते पाठांतरावर. नवी ढाल दिसली की तो शिलेदाराच्या मोतद्दाराशी गप्पा मारत बसे आणि गप्पांतून रंग काढून घेई. पण एका दिवशी ऐंशी, त्यांतले निम्मे नवखे, हे त्याच्या आवाक्याबाहेर होतं. सिंहच घ्या. गोशे आणि एरार हे चुलतभाऊ दोघेही येणार होते. दोघांची ढाल पांढरी, दोघांचा सिंह तोच, फक्त गोशेचा लाल आणि धाकट्या घराण्यातल्या एरारचा हिरवा. एका शिकारी कुत्रीवरून दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. एकाला दुसऱ्याच्या नावाने ललकारलं तर झुंज तिथेच सुरू झाली असती, आणि तीही खोट्या भाल्यांनी नव्हे.

पेरोनेलला झुंजींचं काही वाटलं नाही. तिने आपले दोन्ही हात त्याच्यासमोर धरले.

“हे कसे दिसतात तुला?”

आंसोने ते हात उजेडाकडे वळवले. “ओल्या मातीसारखे,” तो म्हणाला. “मला वाटायचं, काम करणाऱ्या बाईचे हात असेच असतात.”

तिला वाईट वाटलं, खूपच वाटलं. तेवीस वर्षं जिने एकच गोष्ट केली, तिच्या माणसाला नेमकी तीच दिसत नव्हती. ती नदीवर जाऊन बसली, पाण्यात दोन दगड मारले, तिसरा मारता मारता तिला आठवलं की हा माणूस गेले पाच महिने तिच्या लाल रंगाची तोंड भरून स्तुती करत होता, आणि काठावर एकटीच बसून ती पुन्हा हसू लागली. परत आली तेव्हा तिच्या डोक्यात बेत तयार होता.

“तुला फर दिसते ना?” तिने विचारलं.

“फर कुणालाही दिसते.”

“मग झालं तर.”

शिलेदार गावात उतरले की आपापल्या मुक्कामाच्या खिडकीत ढाल टांगतात, आपण कुठे आहोत ते चार जणांना कळावं म्हणून. झुंजीच्या आदल्या दिवशी सकाळीच पेरोनेल टोपली घेऊन वरच्या पेठेत शिरली. टोपलीत बासष्ट गूल होते. खिडकी बघायची, ढालीवर लाल दिसला की दार ठोठावायचं. पहिले तीन पट्टे तिने गावातल्या सर्वांत नटव्या तीन शिलेदारांना फुकट दिले आणि सांगितलं की यंदा ज्याच्या ढालीवर लाल आहे त्याने गळ्यालाही तोच घालायचा, अशी रीत आहे. कुठली रीत, कुणाची रीत, असं एकानेही विचारलं नाही. फॅशनमध्ये मागे राहिलो असं वाटू नये म्हणून माणूस काय वाटेल ते गळ्यात घालतो. दुपारपर्यंत बाकीचे तिला शोधत आले. ज्यांच्या ढालीवर लाल नव्हता त्यांना तिने साफ नकार दिला, शोभणार नाही म्हणाली. निळ्या ढालीचा एक जण तर रडकुंडीला आला होता. संध्याकाळी टोपलीत पाच उरले.

आंसोला फक्त एवढंच करायचं होतं. ढालीवर चिखलाचा रंग दिसला की मानेकडे बघायचं. फर असली तर लाल, नसली तर हिरवा. लाल आणि हिरवा एकाच ढालीवर कुणी लावत नाही, तेवढी अक्कल शिलेदारांनासुद्धा आहे.

मेचं ऊन काय असतं ते प्रोव्हँच्या माणसाला सांगायला नको. त्यात लोखंडी जाळीचे अंगरखे, आणि त्यावर मार्टनच्या फरचे पट्टे. सत्तावन्न शिलेदार घोड्यांवर बसून उकडत होते, पण मान ताठ. जहागीरदार मांडवात कोंबडी खात बसले होते. कुंपणाच्या बाहेर सगळं गाव. पेरोनेलने उरलेले पाच पट्टे सासूबाईंपाशी ठेवले, हिरवा असेल त्याला देऊ नका असं त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, आणि पुढे गर्दीत घुसली. आता ते सांगणं आंसोच्या आवाजात नव्हतं, ही गोष्ट तिच्या लक्षात यायला हवी होती.

सुरुवात झकास झाली. मानेकडे बघ, ढालीकडे बघ, लाल म्हण. सोन्यावर लाल गरुड. लाल पट्टा, पांढरी जमीन. एकही चूक नाही. पेरोनेल दर वेळी टाचा उंचावून टाळ्या वाजवत होती. पण माणूस दिवसभर एकच गोष्ट घोकत असला की तोंडाचा काही भरवसा नाही. आंसोच्या डोळ्यांपुढे गळे, डोक्यात गळे. अकरावा शिलेदार आला आणि त्याच्या तोंडून निघालं:

“पांढऱ्यावर तीन पट्टे, गूल!”

मैदान गप्प झालं. जहागीरदारांनी कोंबडीची तंगडी खाली ठेवली आणि गूल म्हणजे काय, असं विचारलं. पेरोनेलने डोळे मिटून घेतले.

पण ललकारी देणाऱ्याला गप्प बसणं माहीतच नसतं. “धनी,” तो म्हणाला, “कोंबड्याचा तुरा लाल, खाटकाचं फडकं लाल, माझ्या आजीचं नाक लाल. शिलेदाराच्या ढालीवर असतो त्याला लाल कसं म्हणू? तो गूल.”

जहागीरदारांनी क्षणभर विचार केला. मग ते मान मागे टाकून हसले. तीन पट्ट्यांचा शिलेदार घोड्यावर चांगला वीतभर उंच झाला. आणि मग कहर झाला. आधी ज्यांना नुसतं लाल म्हणून ललकारलं होतं, ते दहाही जण परत फिरून रांगेत उभे राहिले. सोन्यावरच्या गरुडाने तर पुन्हा ललकारा म्हणून झगा काढून दिला. पलीकडच्या टोकाला आंसोमागून पुन्हा ललकारणारे दुसरे दोघे होते. त्यांनी तिसऱ्याच शिलेदाराला गूल म्हणून टाकलं, आपण पहिल्यापासून असंच म्हणतो अशा थाटात. गर्दीतली पोरंटोरं एकमेकांच्या नाकाला गूल म्हणू लागली. गोशे आला, गळ्यात पट्टा, आणि आंसोने नरडं फाडून सांगितलं: पांढऱ्यावर सिंह, गूल, गोशे! पेरोनेल आनंदाने शेजारच्या अनोळखी कसायाच्या गळ्यात पडली.

त्याच्या खांद्यावरून तिला एरार दिसला.

तो रांगेत तिसरा होता. पांढरी ढाल, हिरवा सिंह, पांढराशुभ्र अंगरखा, आणि मानेभोवती लालभडक गूल. तिने मागे वळून पाहिलं. सासूबाई नाणं उन्हात धरून तिला दाखवत होत्या, तोंडभर हसत. नटव्या माणसाने मागितलं, म्हातारीने दिलं. त्याच्या ढालीवर काय आहे हे बघायची तिला गरजच वाटली नाही.

आता आंसो मानेकडे बघणार. फर बघणार. मघाचे दहा जण परत आले तसा गोशेच पुन्हा आला, असं समजणार. पांढऱ्यावर सिंह, गूल, गोशे, असं म्हणणार, एरारच्या तोंडावर, सगळ्या गावासमोर. जागा गेली, सप्टेंबर गेला, आणि वर तलवारी. हिरवा आहे असं ओरडावं, तर ललकारी देणाऱ्याला रंग बाईमाणसाने का सांगावा लागतो, हे जहागीरदारांनी विचारलं असतं. पट्टा तुम्हाला शोभत नाही म्हणावं, तर एरारने ऐकलं नसतं. तो गळ्यातून निघेल असं एकच वाक्य जगात होतं, आणि ते बोलण्यापेक्षा तिने जीभ कापून दिली असती.

पेरोनेल कुंपणाखालून वाकून मैदानात घुसली. दोन पहारेकरी धावले, पण एवढे लाल हात बघून जरा बिचकले. तिने एरारच्या घोड्याचा लगाम धरला.

“थांबा धनी. तो गूल काढा. त्याचा रंग जातो.”

एरारने खाली बघितलं. “तुझाच माल ना हा? म्हातारीने दिला.”

“माझाच आहे, म्हणून तर सांगते.” तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, कारण पुन्हा एकदा मैदान गप्प झालं होतं. “घामाने उतरेल. अंगरखा खराब होईल तुमचा. बाकीचे पक्के आहेत, हा एकच कच्चा राहिला. माझा हात चुकला.”

एरारने पट्टा असा ओरबाडून काढला की जणू साप. शेवटच्या ओळीतून एक किंचाळी आली, ती जिलेतची होती, आणि आनंदाची होती. तेवीस वर्षांच्या मेणबत्त्या फळाला आल्या. बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. कुणीतरी ओरडलं, “केस राहतील, रंग जाईल!” आणि सगळं मैदान हसलं. पेरोनेललाही हसू येतंच असे, पण या खेपेला आलं नाही. तिने पट्टा उचलला, त्यावरची धूळ झटकली आणि खाली मान घालून कुंपणाबाहेर आली.

आंसोने हे सगळं पाहिलं होतं. तो पट्टा कच्चा नाही, हे मैदानात दोघांनाच माहीत होतं. रांग पुढे सरकली. एरार समोर आला. आंसोने त्याच्या मोकळ्या मानेकडे पाहिलं आणि तो म्हणाला, पांढऱ्यावर सिंह, हिरवा, एरार. ऐंशीच्या ऐंशी बरोबर. संध्याकाळी जहागीरदारांनी स्वतः त्याला खोलीची किल्ली दिली.

त्या उन्हाळ्यात पेरोनेलच्या दारात रांग लागली नाही. लोक पट्टा हातात घेत, थुंकी लावून बोटाने घासत, आणि बोट बघत. बोटाला काही लागत नसे, तरी ठेवून देत. जिलेतचा गाजराचा रस विकला जाऊ लागला. आंसोने दोनदा म्हटलं की मी जाऊन खरं सांगतो, गेली जागा तर गेली. तिने त्याला सांगितलं की तोंड उघडलंस तर तुझं टक्कल गूल करीन. मात्र एका दुपारी मी स्वतः तिला नदीवर पाहिलं. तो एरारचा पट्टा ती पाण्यात बुडवून बघत होती, पुन्हा पुन्हा, आणि पाणी स्वच्छच राहत होतं.

शब्द मात्र गावाला न विचारता निघून गेला. ललकारी देणारे गावोगाव हिंडणारे लोक. ऑगस्टपर्यंत फ्लँडर्सहून आलेले लोकरीचे व्यापारी सांगू लागले की तिकडे ढालीवरचा लाल आता कुणी लाल म्हणत नाही. जेरुसलेमहून परतलेला एक शिपाई तर दारूच्या दुकानात छातीठोक सांगायचा की हा शब्द पूर्वेकडचा, तिकडे गुलाबाला गुल म्हणतात, आपण स्वतः वास घेतलाय. त्याला कुणी पेरोनेलचं घर दाखवलं नाही. विद्वान माणसाचा विरस कशाला करायचा.

सप्टेंबरात चर्चच्या दारात लग्न लागलं. वधूचे हात बघून लोकांना पुन्हा तेच आठवायला नको, म्हणून पेरोनेलने कुणाकडून तरी लांब पांढरे हातमोजे मागून आणले होते, कोपरापर्यंतचे. फर नव्हती, पट्टा नव्हता, गळा मोकळा. ती त्या दिवशी फारच शहाण्यासारखी उभी होती आणि ते तिला मुळीच शोभत नव्हतं. पाद्रीबाबा पुस्तक उघडून सुरू करणार, इतक्यात आंसोने हात वर केला. वधूची ललकारी राहिली, तो म्हणाला. पाद्रीबाबा म्हणाले की रंगारणीला ढाल नसते. आंसोने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तो गावाकडे वळला, छाती भरून घेतली, आणि एकदाही तिच्याकडे न बघता ललकारला:

“पांढऱ्यावर दोन हात, गूल! केस झडतील, रंग जाणार नाही! पेरोनेल!”

वरच्या पेठेतली सगळी कबुतरं उडाली. लोकांनी तिच्या हातांकडे पाहिलं, तर हात पांढरे. कुजबुज सुरू झाली की ललकाऱ्या चुकला, भर लग्नात चुकला, जहागीरदार काय म्हणतील. जिलेत पुढे सरसावली.

पेरोनेलने त्याच्याकडे पाहिलं. ज्या रंगाला तो चिखल म्हणायचा, तो त्याने गळ्याकडे न बघता, कुणाला न विचारता, सगळ्या गावासमोर सांगितला होता. तिने दातांनी एक हातमोजा ओढला, मग दुसरा, दोन्ही पाद्रीबाबांच्या पुस्तकावर टाकले, आणि हात वर धरले. सप्टेंबरच्या उन्हात ते कोपरापर्यंत लाल होते, तीन महिने बसून काढूनही तसेच लाल. आणि मग तिला हसू फुटलं, ते जुनं, न आवरणारं, दोघींनी धरावं लागणारं. मग गावही हसलं, आणि यंदा पाद्रीबाबांच्या ओठांचे दोन्ही कोपरे हलले.

सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, “मला सगळं ऐकू आलं.”